मिरचीच्या पथारीवर नाकाचा इलाज

चोंदलेलं नाक मोकळं व्हावं म्हणून मी मिरचीच्या पथारीवर जाऊन छातीभर श्वास घेतला.

जन्म नंदुरबारात काढून असं करायला वेगळीच अक्कल लागते. गावाबाहेर या पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानांवर, शेतंच्या शेतं लाल मिरची वाळत पडलेली असते. तिथल्या बाया तोंडाला फडकं घट्ट बांधून काम करतात आणि आम्ही बाकीचे तिथून गाडी दामटतो. मी मात्र गाडी स्टँडला लावली. हिशेब साधा होता: ठेच्याच्या एका घासाने नाक वाहतं, तर इथं मैदानभर ठेच्याचा कच्चा माल पसरलाय.

घाईचं कारण भरीत. थंडीत लोणखेड्याला सासुरवाडीच्या शेतात भरीत पार्टी होते आणि कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायचा मान जावयाचा, म्हणजे माझा. वांगं झालं की नाही, हे मी हात न लावता नुसत्या वासावरून सांगतो अशी माझी ख्याती आहे. ती पसरवण्याचं कामही बहुतेक मीच केलंय. यंदा सर्दी झाली, उतरली आणि पुन्हा दुप्पट जोरात उलटली. गाल ठणकायचा, बुटाची नाडी बांधायला वाकलं की कपाळात दगड घरंगळल्यासारखं व्हायचं, आणि वास काहीच येत नव्हता. पार्टी पुढच्या आठवड्यावर आलेली. नाक गेलं तर मान गेला.

पथारीवर मी इतका शिंकलो की शेवटी खाली बसलो. एका बाईनं पाण्याची बाटली पुढे केली.

"भाऊ, काही हरवलं का?"

"नाक," मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत चेहरा सुजला. बायकोनं मला नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गाल दाबून पाहिले, नाकात बॅटरी मारली, सर्दीची सगळी कहाणी ऐकून घेतली.

"एक्सरे काढायचा का? की सरळ सिटीस्कॅन?" मी तयारीत होतो.

"कशाला? नाक पाहिलं, तुमचं ऐकलं, समजलं. गालाच्या आणि कपाळाच्या हाडांत पोकळ्या असतात, त्यांची वाट सुजून बंद झालीय. साधी सर्दी आपली आपण जाते, तिला गोळ्या लागत नाहीत. तुमची बरी होऊन पुन्हा बिघडली, म्हणून गोळ्या देते. बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत. आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, पाणी उकळून गार केलेलं. मिरचीचा सल्ला कोणी दिला?"

"माझा मीच."

"त्यांना पुन्हा विचारू नका," त्या म्हणाल्या आणि गोळ्यांसोबत दिलेला नाकातला स्प्रे कसा मारायचा ते दाखवू लागल्या. नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, डोळ्याच्या बाजूला तिरपी धरायची, आणि जोरात ओढायचं नाही.

घरी बेसिनवर वाकून एका नाकपुडीत पाणी सोडलं की दुसरीतून बाहेर येतं, हे पाहायला बायको दारात उभी राहायची. तोंडानं श्वास घ्यायचा, बोलायचं नाही, ही अट तिला फार आवडली. ती मुद्दाम नेमकी तेव्हाच प्रश्न विचारायची. एकदा मी उत्तर दिलं आणि सगळं पाणी घशात गेलं.

गालाची ठणक गेली, डोकं हलकं झालं. वास मात्र पार्टीच्या दिवशीही आला नव्हता. मी कोणालाच सांगितलं नाही. धुरात उभं राहून, नाक वर करून, ऐटीत वास घेतल्यासारखं केलं आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून प्रत्येक वांग्यात सुरी खुपसली. घट्ट लागलं की परत आगीत. दरवर्षीपेक्षा कितीतरी वेळ लागला. मेहुणा दोनदा विचारून गेला, "दाजी, आज जेवायचं की उद्या?"

मग वांगी ठेचली, तेलात लसूण-मिरचीची फोडणी पडली, आणि माझ्या नाकात अगदी आतवर काहीतरी हललं. लसूण. मग धूर. मग ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा खरपूस वास. मी डोळे मिटून उभाच राहिलो, इतकं बरं वाटलं. पंगतीत बसल्यावर राहवेना. म्हटलं, सगळं भरीत नाक बंद असताना भाजलंय, आणि नाक आत्ता, फोडणीला उघडलं.

सासूबाईंनी घास गिळला. म्हणाल्या, "जवाई, यंदा भरीत पहिलींदा कच्चं नही लागनं. पुढला साल बी नाक बंदच ऱ्हाऊ द्या."