व्याह्यांचा मान

माझ्या सासऱ्यांइतका फुशारक्या मारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लढाई संपली त्या हिवाळ्यात त्यांनी पुण्यातली मित्रमंडळी जमवली, मोटार भाड्यानं केली आणि सातारा, कराड, सांगली अशी सहल काढली. मला सातवा महिना होता. माहेर कराडजवळच्या खेड्यात, वाटेवरच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून माझी ट्रंक टपावर आणि मी मागच्या बाकावर, नवऱ्याशेजारी.

साताऱ्याच्या खानावळीत सासरे म्हणाले, "हे कसलं तिखट? खरं तिखट आमच्या विहीणबाईंकडे. तिथं बघा मी कसा ओरपतो!" घरी आमटीत एक मिरची जास्त पडली तर ताट सरकवणारा हाच माणूस. माझ्या नवऱ्यालाही ते ठाऊक होतं, पण बापापुढे त्याची वाचा बसायची.

आईनं बोकड कापून घेतला होता. वडील नव्हते, तरी तिनं कशात कसर ठेवली नव्हती. आमच्याकडे रश्श्यावरचा लालभडक तवंग सगळ्यांत मानाच्या पाहुण्याला आधी वाढतात. मी चुलीपाशी जाऊन म्हटलं, "आई, त्यांना सोसायचं न्हाई. खालचा रस्सा वाढ."

"इवायाच्या वाटीत पाणी वाढू व्हय? गाव शेण घालंल तोंडात!"

तिनं पळीनं तवंग गोळा केला आणि त्यांची वाटी काठोकाठ भरली. सासऱ्यांनी मंडळींकडे एक नजर टाकून वाटी तोंडाला लावली. असा ठसका लागला की नाकाडोळ्यांतून पाणी, धोतरावर रस्सा. मित्र पोट धरून हसले. एक म्हणाला, "ओरपा की आता!"

आई ताकाचा तांब्या घेऊन धावली. त्यांनी तो हातानं उडवला. "मुद्दाम केलंत तुम्ही. चारचौघांत माझी शोभा करायला."

"आवं न्हाई वं, मान म्हनून वाढलं," आई पदर पसरून सांगत राहिली. कुणालाही कळलं असतं. पण मित्रांचा राग मित्रांवर काढायची त्यांची छाती नव्हती. विधवा बाईवर काढायला काय जातंय?

ट्रंक टपावरून उतरलीच नाही. "माझं नातवंड या घरात जन्मणार नाही," सासरे म्हणाले. मी नवऱ्याकडे बघितलं. तो अंगणात चूळ भरत होता. मेल्याची चूळ मोटार सुरू होईपर्यंत संपली नाही.

सांगलीत सासऱ्यांनी भडंग मागितला, कमी तिखटाचा. मी मोटारीत बसून त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. तेवढीच मला मुभा होती.

मुलगी पुण्यातच झाली. मला माहेरी धाडलं नाही, आईला बोलावणं गेलं नाही. शेवटी ती न बोलावताच आली, तेव्हा पोर चालायला लागली होती. आईनं दारातूनच हात पुढे केले. अनोळखी बाई बघून पोरीनं भोकाड पसरलं, आणि धावत जाऊन आपल्या आजोबांच्या पायांना मिठी मारली.