कोमा आणि कॉमा

मी चिखलीच्या शाळेत इंग्रजी शिकवते. त्या दुपारी नववीचे पेपर तपासत होते. दिसायला सारख्या, अर्थाने वेगळ्या शब्दांचा प्रश्न होता. 'क्वाएट' आणि 'क्वाइट', 'लूस' आणि 'लूझ'. दरवर्षी शिकवायचं, दरवर्षी तेच घोळ. लाल पेन आपला चालत होता. तेवढ्यात ताईच्या दिराचा इंग्रजीत मेसेज आला. दादा, म्हणजे आमचे भाऊजी, गाडीवरून पडले, कॉमात आहेत. एक 'एम' जास्त पडला होता. स्वल्पविरामात माणूस कसा असेल, मला कळेचना. मग कळलं, आणि मी पेपर तसेच टाकून निघाले.

भाऊजींना त्यांच्या गावाहून, धाडहून, औरंगाबादच्या दवाखान्यात नेलं होतं. ताई आयसीयूबाहेर चटईवर बसलेली.

"तुले इंग्लिश येते. तूच इचार डॉक्टरले," ती म्हणाली.

डॉक्टर घाईत होते. "स्टेबल आहेत," एवढं म्हणून गेले.

"म्हंजे बरे आहेत?"

"बरे नाहीत. आहेत तसेच आहेत."



मग दर शनिवारी शाळा सुटली की मी एसटीने तिकडे जायची, रविवारी रात्री परत. तपासायचे पेपर पिशवीतच राहायचे. ताईला इंग्रजी अक्षरं लावता यायची, तेवढंच. बसून बसून ती भिंतीवरच्या पाट्या वाचायला लागली.

"इथं पेशंट लिहेल आहे. तिथं बी तेच आहे, पण शेवट येगळा दिसते."

"तो पेशन्स. म्हणजे धीर. धीर धरा, असं लिहिलंय."

"अन् हा?"

"हा आजारी माणूस."

"ज्यानं लिहिलं तो रोज घरी जाऊन झोपत असंन," ती म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन आडवी झाली. मीही तिच्या पायाशी भिंतीला टेकले. काही शिकवायची ताकद माझ्यात नव्हती.

भाऊजींनी डोळे उघडले तेव्हा मी वर्गात होते. ताईचा फोन आला. ती रडत नव्हती, हसत नव्हती. "मले पाह्यलं त्याइनं," एवढंच म्हणाली.

आता ते धाडला घरी आहेत. उजवा हात उचलता येत नाही, आणि शब्द घसरतात. परवा माझ्यासमोर काठी मागत होते. ताईने काठी दिली तर डोकं हलवत राहिले. तिने वाटी आणली, तेव्हा थांबले.

"वाटी पाह्यजे असली की काठी म्हणतात," ती मला म्हणाली. "पण कधी कधी काठीच पाह्यजे असते. मंग मी दोन्ही जवळ ठेवते."

मी गेले की ती मला त्यांच्याजवळ बसवते आणि आतल्या खोलीत जाऊन झोपते. संध्याकाळच्या एसटीची वेळ झाली की मी तिला उठवते.