मामाची तीन टिंबं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की आजवर मी शिक्षकांची नावं सांगत आलो. खरं नाव धोंडूमामाचं. तो आईचा धाकटा भाऊ. कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गासड्यांवर कुंचल्याने मार्का लिहिण्याचं काम करायचा. आठवीसाठी तोच मला मुंबईला घेऊन आला. बंदरावर होडीत पाय ठेवताना आई एवढंच म्हणाली, "मामाक मान खाली घालूक लावू नको."

घोडपदेवला मामाची चाळीत एकच खोली होती. तो स्वतः चौथी शिकलेला, पण त्याचं अक्षर पाहत राहावं असं. माझं गावाकडचं अक्षर बघून तो पोटभर हसला आणि दुसऱ्या दिवशी बोरू घेऊन आला. रद्दीच्या कागदावर आम्ही दोघं रोज संध्याकाळी काने आणि वेलांट्या गिरवायचो. गोदामातल्या माणसांची एक रीत होती. प्रत्येक जण आपल्या मार्क्याखाली स्वतःची बारीक खूण करी. मामाची खूण तीन टिंबं.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चाळीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत घोषणा लिहायचं काम मामाकडेच आलं. ती लिहून झाल्यावर त्याने सवयीने खाली तीन टिंबं दिली. शेजारी घाबरले. पोलिसांना आयताच माणूस मिळेल, पूस ती, असं म्हणू लागले. मामाने कुंचला धुतला आणि तो म्हणाला, "चूक झाली तर माणूस गावाक व्हयो." गावाक म्हणजे सापडायला.

माझी शाळा दादरला. तिथे वाङ्मय मंडळ आणि चित्रकला मंडळ मिळून दरवर्षी एक हस्तलिखित अंक काढत. एकच प्रत, आणि तिच्यातलं सगळं काम विद्यार्थ्यांच्या हातचं असलं पाहिजे, असा नियम. मंडळातली मुलं छापील पुस्तकासारखं बोलायची. मी तोंड उघडलं की गाव बाहेर पडायचं. मंडळाचा चिटणीस मला सगळ्यांदेखत विचारायचा, "काय रे, आज किती गासड्या रंगवल्यास?" मी हसायचो. मामा काय काम करतो हे मीच भोळेपणाने सांगून बसलो होतो.

अकरावीच्या वर्षी मुखपृष्ठ माझ्याकडे आलं. 'आपला महाराष्ट्र' एवढीच अक्षरं लिहायची होती. रविवारी दुपारी मी तीन कागद वाया घालवले. चौथा मामाने पुढ्यात ओढला आणि एका दमात लिहून काढला. खाली तीन टिंबं दिली. सोमवारी शाळेत जायच्या आधी मी ती टिंबं ब्लेडने खरवडून काढली आणि तिथेच शेजारी माझं नाव लिहिलं.

त्या मुखपृष्ठाला पहिलं बक्षीस मिळालं. स्नेहसंमेलनात अंक टेबलावर मांडला होता. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर मामा गोदामातून थेट तिथे आला. सदऱ्याला कापूस चिकटलेला. त्याने माझं नाव वाचलं. मग अंगठा अलगद खरवडलेल्या जागेवरून फिरवला. तेवढ्यात आमचे मराठीचे सर आले. हे कोण, असं त्यांनी मला विचारलं. चिटणीस शेजारीच उभा होता. मी अंकाची पानं उलटू लागलो.

मामाच पुढे झाला. "मी ह्याचा मामा, सर. अक्षर पोराचंच हां. लहानपणापासून वळणदार."

सरांनी माझी पाठ थोपटली. मामा मान खाली घालून चपला शोधू लागला. घरी गेल्यावर तो एवढंच बोलला, की 'ष्ट्र'चं पोट जरा बारीक हवं होतं.

सरांच्या शिफारशीने मला कॉलेजात प्रवेश मिळाला. मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. आज नाशिकच्या हायस्कुलात मराठी शिकवतो. मामा गोदाम सोडून गावी गेला. आमच्याकडे दिवाळीच्या सहामाही परीक्षेनंतर हस्तलिखिताचं काम चालतं. यंदा सातवीतल्या एका मुलीने समासातल्या वेलबुट्टीखाली स्वच्छ लिहिलं होतं : 'नक्षी माझ्या आजीची.' नियम मोडला म्हणून तिला कुणी तरी टोकलं. ती म्हणाली, "पण आजीचीच आहे ना." मला तिच्याकडे बघवेना. दुसऱ्याच रविवारी मी दादरला गेलो, सरांना भेटलो आणि मग हे पत्र टाकलं.

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

सरांना सगळं सांगितलं.  त्यांनी घरच्या कपाटात जपून ठेवलेला अंक काढला आणि मुखपृष्ठ सोडवून माझ्या हाती दिलं. ते या पत्रासोबत पाठवत आहे. माझं नाव मी खोडलं आहे. खरवडलेल्या जागी टिंबं मी काढणार होतो, पण ती माझ्या हातची नकोत. तुम्ही काढा आणि कागद सरांच्या पत्त्यावर पाठवा. ते तो अंकात पुन्हा शिवणार आहेत.

लोक मला घर कुठलं म्हणून विचारतात. मी कधी गावाचं नाव सांगतो, कधी नाशिकचं. घोडपदेवची खोली मी कधीच सांगितली नाही. माझं घर तेच होतं. त्या दिवशी टेबलापाशी मी तुम्हाला मान खाली घालायला लावली. आईला हे अजून माहीत नाही. तिलाही हे पत्र वाचून दाखवा.

चूक झाली तर माणूस सापडला पाहिजे, म्हणून खाली पूर्ण नाव लिहितो.

आपला भाचा,
वसंत सखाराम परब