भट्टीतून निघालेली पहिली वाटी

तात्यापारा भागातल्या एका डेंटल लॅबमध्ये मी चिनीमातीचे कृत्रिम दात बनवते. आज सकाळी छोट्या भट्टीचं दार उघडलं, तापलेल्या मातीचा कोरडा, गोडसर वास आला आणि मी मनानं थेट कॉलेजच्या आवारात जाऊन पोचले.

सिरॅमिक्सचं माझं पहिलंच वर्ष होतं. रेल्वेत कारकून असलेले बाबा मला कायमची घरी न्यायला आले होते.

"सामान बांध, पोट्टी. माती भाजणाऱ्याले नोकरी कोण देते? बँकेच्या परीक्षेले बस."

"आज भट्टी उघडून राहिले, बाबा. माझी पहिली वाटी आहे तिच्यात. तेवढी पाहून घेऊ, मग जाऊ."

बाबा कडुनिंबाखाली थांबले. भट्टी उघडली तेव्हा उन्हं उतरली होती. आतून ऊब येत होती आणि निवणारी भांडी हळूहळू किणकिणत होती, जणू झोपेत बोलत होती. माझी वाटी एका बाजूला वाकली होती, पण तिच्या तळाशी गडद निळा रंग साचला होता. बाबांनी ती रुमालात धरली.

मग म्हणाले, "हव. राह इथंच. तुया आईले मी सांगतो."

कितीतरी वर्षं मला वाटायचं, त्या निळ्या रंगानंच बाबांना जिंकलं. आता माझी मुलगी स्टेजवर नाचते, तेव्हा तिची पावलं मला दिसतच नाहीत, मी फक्त तिचा चेहरा बघत राहते. त्या संध्याकाळी वाटी बाबांच्या हातात होती, पण ते बघत होते माझ्याकडे.