पेट्रोलची दवा

लग्नानंतरची पहिली काही वर्षं सासुरवाडीला गेलो की मी नुसता बसून असायचो. सासऱ्यांचं घर चिचगडच्या पुढे, जंगलाला लागून. पोचल्यावर ओसरीत खुर्ची यायची, पाणी यायचं, मग चहा आणि पोहे. जावयाने कामाला हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज. विहिरीवरची बादली उचलायला गेलो तरी सासरे मागून येऊन ती हातातून काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "राहू द्या जवाईबापू."

आमचं बोलणंही साधारण तेवढंच. मी फुलचूरचा, गोंदियातल्या एका शाळेत कारकून. आमच्या घरात अर्धं बोलणं हिंदीत चालतं. सासरे बोलायचे ते धानाबद्दल नाहीतर बोडीतल्या, म्हणजे शेताजवळच्या तळ्यातल्या, पाण्याबद्दल आणि मला त्यातलं काही कळत नसे. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. बायको त्यांची एकुलती एक मुलगी. ती चुलीपाशी गेली की आम्ही दोघं ओसरीत बसून रस्त्याने जाणारी-येणारी माणसं बघत राहायचो.

पुढे कापणीला माणसं मिळेनाशी झाली, तेव्हा सासऱ्यांनी धान कापायची मशीन घेतली. पट्टा खांद्याला अडकवून चालवायची, पेट्रोलवरची. पहिल्या हंगामात तिने झकास काम केलं. धान घरात आलं, त्यांनी मशीन पुसली, पोत्यात गुंडाळली आणि गोठ्याच्या माळ्यावर ठेवून दिली. टाकीत पेट्रोल होतं, ते तसंच राहिलं.

पुढच्या कापणीला मशीन खाली उतरवली तर ती सुरू होईना. सासरे सकाळपासून दोरी ओढत होते. हट्टी माणूस, थांबायचं नाव नाही. दुपारी शेवटी एका हिसक्याला खांदाच निखळला. शेजाऱ्याचा फोन आला आणि आम्ही दोघं निघालो. देवरीच्या दवाखान्यात खांदा बसवून घेतला. हात गळ्यात बांधून ते घरी आले तेव्हा शेतातल्या बांध्यांमध्ये धान पिकून उभं होतं आणि आभाळ भरून आलं होतं. ते ओसरीच्या खांबाला टेकून शेताकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मशीन मोटारसायकलला बांधून मी देवरीला मिस्त्रीकडे नेली. त्याने टाकीचं झाकण काढून माझ्या नाकाशी धरलं. पेट्रोलचा वास नव्हताच, जुन्या वॉर्निशसारखं काहीतरी आंबूस येत होतं. कार्बोरेटर उघडला तर आत पिवळा डिंक साचल्यासारखं दिसत होतं आणि बारीक भोक पार बुजलेलं. तो म्हणाला की हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे भरलेली टाकी वर्षभर ठेवली की हे होणारच. एकतर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही कोरडे करून ठेवा, नाहीतर ताज्या पेट्रोलमध्ये ते टिकवणारं औषध, स्टॅबिलायझर, टाका. एकदा सडलेलं पेट्रोल मात्र त्याने सुधरत नाही, हेही त्याने बजावलं.

मशीन सुरू झाली. शेजाऱ्याने ती चालवून धान कापून दिलं. शेवटच्या बांधीला पाऊस लागला, थोडं धान भिजलं, बाकीचं वाचलं.

कापणी आटोपल्यावर मी स्टॅबिलायझरची बाटली मागवली आणि रविवारी घेऊन गेलो. सासऱ्यांनी ती उन्हात धरून उलटीसुलटी बघितली, झाकण उघडून वास घेतला आणि परत माझ्या हातात दिली.

"पेट्रोलले दवा पाजून रायले का तुम्ही?" ते म्हणाले. "सारा पेट्रोल काढून टाकला का झाला. टाकीच खाली असन तं सडन काय?"

त्यांचं चूक नव्हतं, मिस्त्रीनेही तेच सांगितलं होतं. पण मी आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात काहीतरी घेऊन आलो होतो आणि मलाही मागे हटवेना. मी म्हणालो की कोरड्या टाकीत आतून गंज धरतो, रबरं आकसतात. ते म्हणाले की त्यांनी आजवर किती इंजिनं बघितली. आवाज कोणाचा चढला नाही, पण दोघंही जागचे हलेनात. बायको दारात उभी राहून तांदूळ पाखडत होती. ती वर न बघता म्हणाली, "दोन मशिनी हायेत ना बाबा. एक तुमच्या मतानं ठेवा, एक ह्यायच्या."

दुसरी मशीन म्हणजे पाण्याचा पंप. पावसाने ओढ दिली की बोडीतून बांधीत पाणी घ्यायला लागतो, तोही पेट्रोलवरचा. सासऱ्यांनी पंपाची टाकी रिकामी केली आणि उरलंसुरलं पेट्रोल जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत तो चालवला. मी कापायच्या मशीनमध्ये ताजं पेट्रोल आणि बाटलीवर सांगितलेलं माप घातलं, टाकी जवळजवळ भरली आणि दवा कार्बोरेटरपर्यंत पोचावी म्हणून इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. दोन्ही मशिनी चुलीपासून लांब, माळ्यावर शेजारी शेजारी गेल्या.

पुढच्या वर्षी भादव्यात पाऊस दडला. सासऱ्यांचा फोन आला. ते सहसा फोन करत नाहीत, आणि केला तर मुलीला करतात. त्या दिवशी माझ्या फोनवर आले. पंप काढावा लागणार होता. मी म्हणालो, मग काढा की, माझी कशाला वाट बघता.

"नाई," ते म्हणाले. "तुम्ही या, मंग दोन्ही सुरू करू."

आम्ही रविवारी गेलो. पंपात ताजं पेट्रोल घातलं. तो सुरू झाला, पण कार्बोरेटरखालून थेंब थेंब गळायला लागला. आतलं रबर वाळून आकसलं होतं. सासरे पंपाशेजारी चिखलात बसून खाली वाकून बघत होते. वर न बघताच त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला आणि म्हणाले, "पाना आन."

आणा नाही, आन. मी धावत जाऊन पाना आणून दिला. बायको बोडीच्या पाळीवर उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून हसली. सासऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्यांनी गळती तेवढ्यापुरती थांबवली आणि बांधीत पाणी गेलं.

मग कापायची मशीन काढली. तिची अजून गरज नव्हती, पण राहवत कोणालाच नव्हतं. सासऱ्यांच्या खांद्याला दोरी झेपणार नव्हती, म्हणून मी ओढली. दोन-तीनदा ओढल्यावर तिने सूर धरला. सासरे कान देऊन ऐकत राहिले. बंद केल्यावर म्हणाले, "पंपाचाबी पेट्रोल काही सडला नाई." मी म्हटलं, बरोबर आहे. हंगाम संपल्यावर पंप त्यांनी त्यांच्याच रीतीने रिकामा केला आणि मशीनसाठी बाटली मला न विचारता फळीवरून काढून आणली.

आता त्यांनी बरीचशी शेती ठेक्याने दिली आहे. घरामागच्या दोन बांध्या तेवढ्या ठेवल्यात. त्या मी कापतो. माझ्या ओळी वाकड्या येतात, ते कडेच्या धुऱ्यावर, बांधावर, बसून सांगत असतात, मशीन जरा खाली धर, घाई करू नको.

काम झालं की दवा घातल्यावर इंजिन काही वेळ नुसतं चालू ठेवावं लागतं. तेवढा वेळ दोघांनाही तिथून हलता येत नाही. यंदा त्या घरघरीत ते एकदम सासूबाईंबद्दल बोलायला लागले. ह्याच बांधीत ती सगळ्यांच्या पुढे कापत जायची, मागे कोण राहिलं ते वळून बघायची नाही, आणि मधेच थांबून त्यांनाच दटावायची, असं काहीसं. निम्मं मला इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी वेग कमी केला, जवळ सरकलो, पण पुन्हा सांगा असं म्हटलं नाही. ते सांगत राहिले. दवा केव्हाच खाली पोचली असेल. त्यांचं सांगून झाल्यावर मी मशीन बंद केली.