फुलकोबीचे काटे

नाना स्टेजवर चढले की खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा डोक्यावर घ्यायचे. एवढाच त्यांचा मेकअप. टॉवेल डोक्यावर असला की बोलतेय ती त्यांची बायको, खांद्यावर आला की नाना. बायकोचा जोर असा, की पदराखाली गेलेले नाना पाच-पाच मिनिटं बाहेर यायचे नाहीत.

मी बेलापूरच्या एका ऑफिसात कारकून आणि सुट्टीच्या दिवशी साऊंडवाला. नेरूळच्या सोसायट्यांमध्ये सत्यनारायण असो की वर्धापनदिन, माइक माझा आणि विनोद नानांचा हे ठरलेलं. नाना शेजारच्या गावठाणातले, आगरी. आम्हा फ्लॅटवाल्यांना त्यांची बोली निम्मीच कळायची, तरी लोक पोट धरून हसायचे. "मासली आनायला धाडला, आनलास काय? फुलकोबी! आता हिचं काटं काढू क मी?" मग टॉवेल खांद्यावर घेऊन गरीब चेहऱ्याने नाना म्हणायचे, "कोबीच सांगलंस तू!" हे लहान पोरांनाही पाठ होतं.

नानांची बायको, आमच्या काकू, पहिल्या रांगेत बसायच्या. मधेच उठून ओरडायच्या, "खोटं हाय! कोबी नय, दुधी आनलेला!" लोकांना वाटायचं, हेही बसवलेलंच आहे. बसवलेलं काही नसायचं. कार्यक्रम संपला की नाना त्यांच्यापुढे निकाल ऐकायला उभे राहायचे. "लागला क तुझा आवाज?" काकू म्हणायच्या, "मी येवढी किरकिरी नय." म्हणजे लागला.

सहा वर्षांपूर्वी काकूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. नानांनी दोन महिने कार्यक्रम घेतले नाहीत आणि मग पुन्हा टॉवेल डोक्यावर घेतला. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "नाना, वहिनी आजारी असताना त्यांची नक्कल बरी नाही दिसत. दुसरं काहीतरी करा ना." मी तिथेच वायरी गुंडाळत होतो. नाना म्हणाले, "साहेब, ती गप झाली. मी पन सोडलं तं तिचा आवाज आयकाचा कुठं?"

तेव्हापासून निकाल नाना मला विचारू लागले. "बाला, लागला क तिचा आवाज?" मी मान वर न करता "लागला" म्हणायचो. खरं तर काकूंचा आवाज मला आठवेनासा झाला होता.

एकदा त्यांना न्यायला घरी गेलो. नाना काकूंना पेज भरवत होते आणि काकूंच्याच आवाजात स्वतःला झापत होते, "मीठ कोन टाकील, तुझा बापूस?" मग मान खाली घालून आपल्या आवाजात, "टाकतंव, बाय." काकूंच्या ओठांची डावी कड हलली. त्या हसल्या की पेज ओघळली म्हणून कड हलली, ते मला सांगता येणार नाही.

यंदा काकू गेल्या. मी जाऊन हार घातला, घरी येऊन अंघोळ केली, जेवलो. वाईट वाटायला हवं होतं, पण आत काही हललंच नाही. तेरावं झालं आणि नाना घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तुझ्याकडं माझं प्रोग्राम रेकॉर्ड हायेत ना? त्यातलं माझं बोलनं काप. लोकांचं हसनं पन काप. निस्तं तिचं ठेव."

नाना, दोन्ही आवाज तुमचेच की, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी लॅपटॉप उघडला.

तासभर कापत होतो. हात आपोआप चालत होते, ऑफिसातल्या फायली सरकवाव्यात तसे. उरलेले तुकडे जवळ आणून जोडायला लागलो, तेव्हा नानांनी माझं मनगट धरलं. "मधली जागा नको काढू. तिथं मी बोलन."

मग पहिल्यापासून लावलं. "मासली आनायला धाडला, आनलास काय? फुलकोबी! आता हिचं काटं काढू क मी?"

पुढे मोकळी जागा होती. टॉवेल मांडीवर ठेवून नाना लॅपटॉपकडे बघत होते.

"चुकलो, बाय," ते म्हणाले. "दुधीच होता."