आमच्या घराचं उदाहरण

"घरात खोल्या किती गं?" सरांनी विचारलं. नववीचा वर्ग, विज्ञानाचा तास. मला उभं केलेलं.

"एक."

"आणि आंघोळ कुठं करता?"

पोरं फिदीफिदी हसायला लागली. "मोरीत, सर."

"मोरी कुठंय?"

"त्याच खोलीत."

फळ्यावर दोन पेशी काढलेल्या. एकीत केंद्रक, त्याला पटलाचं वेष्टन, तंतुकणिका, सगळ्यांना आपापली जागा. ही दृश्यकेंद्रकी. दुसरीत आत आडपडदाच नाही, गुणसूत्रसुद्धा उघड्यावर. तिच्यावर खडू आपटत सर म्हणाले, "आदिकेंद्रकी पेशी म्हणजे हिचं घर. आणि ही पहिली, आपला बंगला. आता कुणी विसरणार नाही."

कुणी विसरलं नाही. दहावी होऊन शाळा सोडेपर्यंत पोरं मला 'आदिकेंद्रकी' म्हणूनच हाक मारत होती.

भवानी पेठेतली ती खोली. आईचं शिलाई मशीन, टॉवेलचे गठ्ठे, गॅस, अंथरुणं, मोरी. एकजण आंघोळीला बसलं की बाकीच्यांनी बाहेर गल्लीत उभं राहायचं, ही आमची रीत. त्यात लाजायचं असतं हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं.

पालकसभेला आई आली. टॉवेलच्या कडा शिवता शिवता तशीच उठून आलेली, साडीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. सर हसत म्हणाले, "तुमच्याच घराचं उदाहरण देतो मी वर्गात."

आई हरखली. रस्ताभर तेच. "एवढी पोरं हायत, पण सरांनी आपलंच घर सांगितलं की गं." गल्लीतल्या बायकांनाही सांगून आली. मग मोरी घासायला बसली. मी म्हटलं, आत्ता कशाला?

"सर कधी आले बिले तर? नीट दिसाय पायजे का न्हाय?"

तिला काय सांगणार होते मी?

धडा पुन्हा वाचला. ती बिनपडद्याची पेशी खाते, वाढते, दुभंगून दोन होते. सगळं त्या एकाच जागेत. ती हलकी आहे असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

उजळणीला सरांनी पुन्हा उभं केलं. "सांग, तुझं घर कसं?"

"पेशीचं विचारा सर, सांगते. घराचं न्हाय सांगणार."

"उद्धट. बाहेर हो."

झाले. बाहेर उभं राहायची मला सवय होतीच.

आई आता नाही. आपलं घर शाळेत शिकवतात, हे ती शेवटपर्यंत कौतुकानं सांगायची. मी खरं कधीच बोलले नाही. ते अजून सलतं, लई सलतं.

आज मीच नववीला हा धडा शिकवते. परवा सोबतचे एक सर म्हणाले, "मॅडम, झोपडी आणि बंगला सांगा. पोरांना पटकन कळतं."

मी म्हटलं, "तुमच्या घरात आंघोळ कुठं करतात, ते आधी वर्गात सांगून या."

त्यांना राग आला. येऊ दे. माझ्या वर्गात पेशी पेशीसारखीच शिकवली जाईल. कुणाच्या आईची मोरी फळ्यावर येणार नाही. मी उभी आहे तोवर तर नाहीच.